शिट्झू पाळताय? लोक सारखे विचारतात ते प्रश्न

आमच्या घरी शेवंती, आमची शिट्झू जातीची छोटी केसाळ कुत्री, येऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक मेसेज करून शिट्झूबद्दल विचारत असतात आणि प्रश्न बरेचदा तेच असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून काढले. मी डॉक्टर नाहीये, त्यामुळे औषधाचा डोस कुठेच दिलेला नाही, तो तुमच्या व्हेटकडूनच (प्राण्यांच्या डॉक्टरकडूनच) घ्या. घाईत असाल तर आधी प्रश्न ११ (डोळे) आणि १३ (उष्णता) वाचा, त्या दोन गोष्टींत उशीर अजिबात चालत नाही.

१. शिट्झू, शिहत्झू, शित्सू... नक्की म्हणायचं काय? आणि ही जात मूळची कुठली?

मूळ उच्चार शीड-झूच्या जवळपास आहे, आपल्याकडे शिट्झू रुळलंय, मीही तेच म्हणते. चिनी भाषेत अर्थ सिंह. तिबेटकडची छोटी केसाळ कुत्री चीनच्या राजवाड्यात गेली आणि तिथे पेकिंगीजसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांशी मिसळून ही जात तयार झाली असं मानतात. सम्राज्ञी त्सिशी, जी १९०८ मध्ये वारली, तिला अशा छोट्या कुत्र्यांचं फार वेड होतं. १९३० मध्ये ही कुत्री इंग्लंडात पोचली, अमेरिकन केनेल क्लबने १९६९ मध्ये मान्यता दिली. सांगायचा मुद्दा हा की ही जात शिकारीसाठी नाही, राखणीसाठी नाही, माणसाजवळ बसण्यासाठीच वाढवलेली आहे आणि तिचा सगळा स्वभाव त्यातून येतो. नाकावरचे केस वर आणि चहूबाजूंना वाढतात म्हणून इंग्रजीत या तोंडाला क्रिसॅन्थेमम फेस म्हणतात, म्हणजे आपली शेवंती. आईला हे काही माहीत नव्हतं, पिल्लू हातात घेतल्या घेतल्या ती म्हणाली, "अगं ही तर शेवंती!" तेच नाव राहिलं.

२. आम्ही कुत्रं ल्हासा अप्सो जातीचं म्हणून घेतलं, आता सगळे शिट्झू म्हणतायत. फरक कसा ओळखायचा?

ही अदलाबदल सर्रास होते, आणि पिल्लू दोन महिन्यांचं असताना नवख्या माणसाला खरंच कळत नाही. मोठं झाल्यावर नाक बघा. ल्हासा अप्सोचं नाक-तोंड जरा लांब, डोळे बदामी आणि थोडे आत. शिट्झूचं तोंड चपटं, डोकं गोल, डोळे मोठे, गोल, बाहेर आलेले. ल्हासा मठांमध्ये राखण करायचा, अनोळखी माणूस आला की तो आधी संशयाने बघतो, शिट्झू मात्र कुरिअरवाल्याच्याही पायाशी लोळण घेतो. केसांची निगा दोघांची सारखीच. डोळे आणि उष्णतेचा त्रास मात्र शिट्झूला जास्त, त्यामुळे शंका असेल तर शिट्झू समजूनच काळजी घ्या.

३. पहिल्यांदाच कुत्रं घेतोय, वन बीएचके आहे, घरात लहान मूल आणि आजी-आजोबा आहेत. जमेल का?

जागेचा प्रश्न नाही. उंची साधारण २३ ते २७ सेंटिमीटर, वजन ४ ते ७ किलो, दिवसातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटं फिरलं आणि घरात थोडं खेळलं की पुरतं. आजी-आजोबांशी तर फार छान जमतं, शेवंती दुपारभर आईच्या पायावर डोकं ठेवून पडलेली असते. लहान मुलांचं जरा बघावं लागतं. कुत्रं चावण्यापेक्षा मुलाच्या हातून कुत्रं पडण्याची भीती जास्त, सोफ्यावरून सुटलेलं पिल्लू पाय मोडून घेतं. मूल पाच-सहा वर्षांच्या आतलं असेल तर "खाली बसूनच घ्यायचं" हा नियम पहिल्या दिवसापासून करा आणि दोघांना एकटं सोडू नका.

ज्यांनी विचार करावा असे लोक म्हणजे ज्यांच्याकडे रोज पंधरा-वीस मिनिटं नाहीत. हे कुत्रं शांत आहे, कमी भुंकतं, सगळ्यांशी गोड वागतं, त्यामुळे लोकांना वाटतं याचं काही करावं लागत नाही. पण याला रोज हात लागलाच पाहिजे, केसांना, डोळ्यांना, कानांना, आणि हे १२-१४ वर्षं करायचंय, कधी त्याहून जास्तही.

४. याचे केस गळत नाहीत ना? मुलाला दम्याचा त्रास आहे.

लॅब्रॅडॉर किंवा पॉमेरेनियन कुत्र्यांच्या मानाने खूपच कमी गळतात. केस माणसासारखे वाढत राहतात आणि जे गळतात ते खाली न पडता बाकीच्या केसांत अडकून बसतात (आणि मग गुंता होतो, बघा प्रश्न ९). पण ॲलर्जी नुसत्या केसांची नसते, कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात. "ॲलर्जी न होणारी जात" असं सांगून कुणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. आधी ज्यांच्याकडे शिट्झू आहे त्यांच्या घरी मुलाला तीन-चार वेळा तासभर घेऊन जा, दम्याच्या डॉक्टरांना विचारा, मग ठरवा. पिल्लू आणून महिन्याभराने परत देणं दोघांसाठीही फार वाईट असतं.

५. टीकप किंवा इम्पीरियल, म्हणजे एकदम छोटा, शिट्झू मिळतोय, दुप्पट किंमत सांगतायत. घ्यावा का?

नको. अशी वेगळी जातच नाही. सर्वात बारीक पिल्लांची आपसात पैदास करून किंवा सरळ कमी वयाचं, अर्धपोटी पिल्लू "टीकप" म्हणून खपवतात. इतक्या छोट्या पिल्लाची रक्तातली साखर पटकन उतरते, एक वेळचं खाणं चुकलं तरी गळून जातं, लटपटतं, फिट येऊ शकते. कुठलंही छोटं पिल्लू असं गळालं तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटाने चोळा आणि लगेच व्हेटकडे न्या.

६. पिल्लू कुठून घ्यायचं? किती वयाचं?

आठ आठवड्यांच्या आतलं अजिबात नाही. २०१७ च्या केंद्राच्या श्वान पैदास आणि विक्री नियमांत आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे आणि ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असायला हवी. प्रत्यक्षात ३०-३५ दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात, कारण त्या वयात ती सर्वात गोंडस दिसतात आणि माणूस लगेच पैसे काढतो. त्यांना ना आईचं दूध पुरेसं मिळालेलं असतं ना भावंडांबरोबर खेळून "किती जोरात चावायचं नाही" हे कळलेलं असतं.

पिल्लाची आई बघायला मागा, तिच्या जागेवर जाऊन. "आई गावाला आहे", "हायवेवर भेटू, गाडीत आणून देतो" असं म्हटलं की तिथेच थांबा. आईच्या नाकपुड्या बघा, बारीक चीर असल्यासारख्या असतील आणि बसल्या जागी श्वासाचा आवाज येत असेल तर पिल्लांनाही तोच त्रास होण्याची शक्यता मोठी. पिल्लाचे डोळे स्वच्छ हवेत, पोट फुगून टम्म नको (जंत), ढुंगणाला शी चिकटलेली नको. केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद असले तर चांगलं, पण कागद म्हणजे वंशावळीची नोंद, तब्येतीची हमी नाही. पैसे देण्याआधी "४८ तासांत आमच्या व्हेटला दाखवणार" हे लिहून घ्या. एका ब्रीडरने आम्हाला हे लिहून द्यायला नकार दिला होता, आम्ही उठून आलो, आणि आजही वाटतं बरं केलं.

विकत घेणं हा एकच रस्ता नाहीये, मोठं झालेलं कुत्रं दत्तक घेण्याबद्दल शेवटचा प्रश्न बघा.

७. लसी कधी आणि कुठल्या? पूर्ण होईपर्यंत बाहेर न्यायचं का?

साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांना पहिली मिश्र लस (डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे), मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर, शेवटचा १६ आठवड्यांच्या आसपास. रेबीज तीन महिन्यांनंतर आणि पुढे दरवर्षी. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस चुकवू नका, उंदीर आणि पावसाचं साचलेलं पाणी आपल्याकडे आहेच. जंताचं औषध वजनावर असतं, ते व्हेट ठरवतील.

कोर्स पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडायचं नाही, पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि पिल्लू दोन दिवसांत जाऊ शकतं. पण चार महिने घरात कोंडूनही ठेवू नका, पिल्लू भित्रं होतं. कडेवर घेऊन भाजी आणायला न्या, रिक्षाचा आवाज, मंदिराची घंटा, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, सगळं लांबून दाखवा.

८. सहा महिन्यांचं झालं तरी घरात शी-शू करतंय. वैतागलोय.

एकटे तुम्ही नाही, हा मला सर्वात जास्त येणारा प्रश्न आहे. शिट्झू शी-शू शिकायला वेळ लावतात, काही तर वर्ष घेतात. पण जमतं.

वेळा ठरवा. उठल्या उठल्या, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, खेळून झाल्यावर, झोपायच्या आधी. त्या वेळी पट्टा लावून एकाच जागी न्या आणि शू होईपर्यंत तिथेच उभे राहा, बोलू नका, खेळू नका. झाली की त्याच क्षणी खाऊ आणि कौतुक. घरात येऊन दिलेला खाऊ उपयोगाचा नाही, त्याला वाटतं घरात आल्याबद्दल मिळाला. मधल्या वेळात पूर्ण घर मोकळं सोडू नका, तुमच्या नजरेत नाहीतर छोट्या कुंपणात. घरात झालीच तर मारू नका, नाक घासू नका. त्यातून ते एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही, मग सोफ्यामागे जाऊन करतं. जागा फिनेलने नाही, एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा, वास राहिला की तीच जागा पक्की होते.

बाल्कनीत पॅड लावायचं की खाली न्यायचं हे सुरुवातीलाच ठरवा. सहाव्या मजल्यावर राहत असाल, पाऊस असेल, घरात गुडघेदुखीवाले असतील तर पॅड किंवा ट्रे काही वाईट नाही.

अपवाद: नीट शिकलेलं कुत्रं अचानक घरात शू करायला लागलं, थेंब थेंब करतंय, जोर लावतंय, रक्त दिसतंय, तर ते शिस्तीचं नाही, आजारपणाचं आहे. शिट्झूंना मूतखडे होतात. आणि नराला शू होतच नसेल तर सकाळपर्यंत वाट न बघता त्याच रात्री डॉक्टर.

९. रोज विंचरायलाच लागतं का? ग्रूमरकडे महिन्यातून एकदा नेतो की.

केस लांब ठेवायचे असतील तर रोज. पपी कट, म्हणजे अंगभर इंच-दीड इंच, ठेवलात तर एक दिवसाआड चालतं. मी सगळ्यांना पपी कटच सुचवते, आपल्या हवेत ते जमिनीपर्यंत लोळणारे केस सांभाळणं म्हणजे पूर्ण वेळचं काम आहे.

चूक कुठे होते सांगते. लोक ब्रश वरवर फिरवतात, पाठ मऊ आणि चकचकीत दिसते, आणि खाली कातडीलगत केसांचा नमदा, म्हणजे घट्ट बसलेला गुंता, झालेला असतो. करायचं असं: कुत्र्याला मांडीवर आडवं झोपवा, एका हाताने केस वर धरा, खालून एक-एक पट्टी सोडत मुळापासून टोकापर्यंत विंचरा. आधी पिनांचा ब्रश, शेवटी स्टीलचा कंगवा. कंगवा मुळापासून न अडकता निघाला तरच झालं समजा. गुंत्याच्या ठरलेल्या जागा म्हणजे कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत, शेपटीखाली आणि हारनेसचा (गळ्याऐवजी छातीभोवती बांधतात त्याचा) पट्टा घासतो तिथे. शेवंतीच्या कानामागे एकदा चार दिवस बघायचं राहिलं तर सुपारीएवढी गाठ झाली होती, आणि खालची कातडी लाल, ओलसर. गाठ सापडली तर कात्री थेट घालू नका, कातडी केसांबरोबर वर ओढली जाते आणि कापली जाते. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, बोटांनी फोडा, मग टोकाकडून थोडं थोडं सोडवा.

अंघोळीच्या आधी विंचरायचं, नंतर नाही, ओली गाठ सुकली की दगड होते. अंघोळ दोन-तीन आठवड्यांनी, कुत्र्यांच्याच शाम्पूने, आणि मुळापर्यंत पूर्ण कोरडं करायचं, ड्रायर कमी गरम ठेवून.

दहा-बारा महिन्यांच्या आसपास पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठे केस येतात, तेव्हा दोन-तीन महिने गुंता दुप्पट होतो. तो काळ निघून जातो, कंगवा सोडू नका.

१०. उन्हाळ्यात पूर्ण गोटा करून टाकू का? गारवा मिळेल.

नको. पूर्ण भादरलं तर कातडी थेट उन्हात भाजते. अर्धा ते एक इंच ठेवा, पोटाचे आणि पायाच्या गाद्यांमधले केस बारीक करा, तिथून गारवा मिळतो. गुंता इतका झालाय की सुटतच नाही तेव्हा मात्र भादरावंच लागतं, केस परत येतात. आणि लक्षात ठेवा, याला उकडतं ते मुख्यतः तोंडामुळे, ते प्रश्न १३ मध्ये.

११. डोळा लाल झालाय, मिचकावतोय. घरात माणसांचे ड्रॉप्स आहेत, टाकू का?

नाही. कुठलेही उरलेले ड्रॉप्स टाकू नका. शिट्झूचे डोळे खोबणीतून बाहेर आलेले, पापण्या कधी कधी पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळे केसाचं टोक, गवताची काडी, शाम्पू, काहीही लागून बुबुळावर जखम होते. त्या जखमेवर स्टेरॉइड असलेला ड्रॉप पडला तर जखम खोल जाऊन डोळा फुटू शकतो, आणि घरातल्या अर्ध्या बाटल्यांमध्ये स्टेरॉइड असतं.

शेवंतीचं चार वर्षांपूर्वी असंच झालं. संध्याकाळी फिरून आली, डावा डोळा अर्धा मिटलेला, पंजाने घासत होती. मला वाटलं धूळ गेली असेल, सकाळी बघू. आईने ऐकलं नाही, रिक्षा करून आठ वाजता घेऊन गेलो. डॉक्टरांनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकला, निळ्या उजेडात बघितलं आणि बुबुळावर हिरवी रेघ चमकली, नखाएवढी. गळ्यात कॉलर, दर दोन तासांनी औषध, तीन आठवडे. डॉक्टर म्हणाले सकाळी आणलं असतं तर ऑपरेशनची गोष्ट झाली असती.

तेव्हा डोळा मिचकावणं, घासणं, एकदम पाणी, निळसर-पांढुरका डाग, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. चिकट, पिवळा-हिरवा चिपडा रोज येत असेल तर डोळा कोरडा पडतोय का ते तपासून घ्या, कागदाची पट्टी लावून मिनिटभरात कळतं. ते आयुष्यभराचं औषध असतं पण नजर वाचते.

मारामारीत किंवा मान जोरात आवळली गेली तर डोळा चक्क खोबणीबाहेर येऊ शकतो. आत ढकलायचा नाही, स्वच्छ सलाइनने ओला ठेवून, ओली पट्टी धरून धावायचं. म्हणूनच शिट्झूला गळपट्टा नको, हारनेस.

रोजचं काम: सकाळी उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून कोपरे पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. डोळ्यावर येणारे केस रबराने वर बांधा किंवा कापा. डोळ्याखालचे तपकिरी डाग अश्रूंतल्या रंगद्रव्याचे असतात, कोरडं ठेवलं की कमी होतात, डाग घालवायच्या पावडरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

१२. खूप घोरतो, आणि मधूनच नाकाने खर्र खर्र असा विचित्र आवाज काढतो. दमा आहे का?

घोरणं नेहमीचंच. तो खर्र खर्र आवाज बहुतेक वेळा उलटी शिंक असते, मान ताणून, जोरात हवा आत ओढतो, अर्धा-एक मिनिट चालतं आणि आपोआप थांबतं. घसा हलका चोळा, शांत बोला. पण जीभ किंवा हिरड्या निळसर पडल्या, बसल्या बसल्या धाप लागते, चालताना मटकन बसतो, झोपेत दचकून उठतो, तर नाकपुड्या आणि टाळू तपासून घ्या, त्यावर ऑपरेशन होतं आणि वेळेत केलं तर खूप फरक पडतो. वजन वाढलं की हे सगळं बिघडतं.

१३. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात शिट्झू राहील का? एसी लागतोच का?

कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, ते धापा टाकून अंग गार करतं. शिट्झूचं नाक-तोंड आखूड, त्यामुळे ती सोयच अर्धी. विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये दुपारी एसी किंवा कूलरवाली खोली नसेल तर खरं सांगते, ही जात घेऊ नका. मुंबई-कोकणात तापमान कमी असलं तरी दमट हवेत धाप टाकून गारवा मिळत नाही, तिथेही तितकंच जपा.

फिरणं सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवा, तुम्हाला नाही ठेववली तर त्यालाही नाही. घरात शहाबादी किंवा कडाप्प्याची जागा मोकळी ठेवा, शेवंती बेडकासारखे चारही पाय पसरून पोट टेकून तिथेच पडते. गाडीत पाच मिनिटंही बंद करून जायचं नाही, काच थोडी उघडी ठेवली तरी नाही.

लू लागल्याची लक्षणं म्हणजे न थांबणारी धाप, गडद लाल जीभ, दाट लाळ, लडखडणं, उलटी. तेव्हा आधी गार करा, मग गाडी काढा. साध्या गार नळाच्या पाण्याने अंग भिजवायचं, केसांच्या मुळापर्यंत, वर पंखा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत अडकते. तोंडात पाणी ओतू नका. शुद्धीवर आलं, बरं दिसलं तरी व्हेटकडे न्याच, आतल्या अवयवांचं नुकसान नंतर कळतं.

१४. घरचं खाणं चालतं का? आम्ही शाकाहारी आहोत, वरणभात आणि दूधपोळी देतो.

नुसत्या वरणभातावर आणि दूधपोळीवर कुत्रं जगतं, पण नीट वाढत नाही, प्रथिनं कमी पडतात आणि कॅल्शियमचा हिशेब बसत नाही. मोठ्या कुत्र्यांना दूध बरेचदा पचत नाही, जुलाब होतात. सर्वात सोपं म्हणजे लहान जातींचं चांगलं कोरडं खाणं, त्यात थोडं घरचं. घरचंच द्यायचं असेल तर उकडलेलं चिकन किंवा अंडी, भात, लाल भोपळा, गाजर, फरसबी, मीठ-मसाला-फोडणी काही नाही, आणि कॅल्शियम-व्हिटॅमिनचं प्रमाण व्हेटकडून लिहून घ्या. घरात मांस नको असेल तर शाकाहारी तयार खाणं मिळतं, कुत्रं त्यावर राहू शकतं, पण "संपूर्ण आहार" असं लिहिलेलंच घ्या आणि सहा महिन्यांनी रक्त तपासा.

पिल्लाला दिवसातून चारदा, सहा महिन्यांनंतर तीनदा, वर्षानंतर दोनदा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत पण दिसायला नकोत. पाच किलोच्या कुत्र्याला अर्धी पोळी म्हणजे आपल्याला दोन-तीन जास्तीच्या पोळ्या, आणि घरातले चौघं वेगवेगळं भरवत असतात. आमच्याकडे सकाळीच एका डब्यात दिवसाचा खाऊ काढून ठेवतो, डबा रिकामा झाला की संपलं.

१५. काय अजिबात द्यायचं नाही?

बेदाणे, मनुका, द्राक्षं सगळ्यात वर. किडन्या बंद पडू शकतात, आणि किती खाल्ल्यावर होईल हे कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून एकही नको. प्रसादाचा शिरा, लाडू, खीर यांत बेदाणे असतात आणि पाहुणे प्रेमाने भरवतात, सणाला हे आधीच सांगून ठेवा. चिंचेतही तसंच आम्ल असतं, चिंच-गुळाची आमटी नको. कांदा, लसूण कच्चा-शिजलेला-पावडर कुठलाच नाही, रक्त कमी होतं. चॉकलेट, कॉफी, शुगरफ्री गोळ्या आणि च्युइंगममधलं झायलिटॉल. चिकनची शिजलेली हाडं टोकदार तुटतात. आणि औषधं: ताप आला म्हणून पॅरासिटामॉल, दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन देणारे लोक मी बघितलेत, कृपा करून देऊ नका.

१६. तोंडाला घाण वास येतो.

छोट्या जबड्यात सगळे दात दाटीवाटीने बसतात, किटण लवकर साचतं. कुत्र्यांच्या टूथपेस्टने, बोटाला कापड गुंडाळून का होईना, रोज घासा, माणसांची पेस्ट नको. सात महिन्यांनंतरही दुधाचे दात पक्क्या दातांशेजारी उभे असतील तर काढून घ्यावे लागतात.

१७. पावसाळ्यात कातडीला खाज, कानाला वास, वर गोचीड. काय करू?

ओल हेच मूळ. बाहेरून आलं की पंजे, पोट धुऊन कोरडं करा, बोटांच्या मधेसुद्धा. कान लोंबते आणि आत केस, त्यामुळे आठवड्यातून दोनदा उचलून हुंगा. आंबूस वास, काळा मळ, सारखं डोकं झटकणं म्हणजे संसर्ग, आत इअरबड घालू नका.

गोचीड लांब केसांत दिसत नाही, विंचरताना हाताला लागते, कानाच्या घडीत, बोटांमधे, मानेखाली शोधा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल वगैरे नको. महिन्याची गोळी किंवा स्पॉटऑन (कातडीवर टाकायचं औषध) वर्षभर चालू ठेवा. गुरांचं गोचिडाचं औषध अंदाजाने पातळ करून लावू नका, पाच किलोच्या जिवाला ते फार होतं. गोचीड चावून गेल्यावर ताप, खाणं सोडणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, असं काही दिसलं तर टिक फीव्हरची रक्ततपासणी त्याच दिवशी करा.

१८. चालता चालता मागचा एक पाय उचलून तीन पायांवर उड्या मारतो, मग परत नीट चालतो. हे काय?

बहुतेक गुडघ्याची वाटी सरकते आणि परत बसते. एकदा एक्सरे आणि तपासणी करून किती प्रमाणात आहे ते बघा, हलकं असेल तर वजन ताब्यात आणि उड्या बंद एवढ्यावर भागतं. गुळगुळीत टाइल्सवर चटया टाका, पलंगाला पायरी लावा. पण अचानक पाठ कमान, उचलताना ओरडणं, मागचे पाय ओढत चालणं, हे मणक्याचं आहे. हलवाहलव न करता पाटावर किंवा ट्रेवर आडवं ठेवून लगेच न्या.

१९. मादी आहे. एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत असं म्हणतात, खरं का?

तब्येतीसाठी तसं काही लागत नाही. उलट शिट्झूच्या पिल्लांची डोकी मोठी, बाळंतपण अडतं, सिझेरियन करावं लागू शकतं. ऑपरेशन न केलेल्या मादीला पाळीनंतर एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, खूप पाणी पिणं, सुस्ती, खालून स्राव, आणि कधी स्राव दिसतही नाही. त्यात जीव जातो. नसबंदी कधी करायची ते व्हेट वजन आणि वय बघून सांगतील, भूल देताना चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा अनुभव आहे का हे जरूर विचारा.

२०. आम्ही दोघं नोकरीवर जातो, नऊ-दहा तास एकटं राहील का?

रोज नाही. माणसाला चिकटून राहणारं कुत्रं आहे, पंजे चाटून चाटून जखमा करून घेतं. दुपारी कुणीतरी येणारं हवं, शेजारच्या काकू, कामाच्या मावशी, कॉलेजचा मुलगा. ती सोय नसेल तर थांबा.

२१. सोसायटी म्हणते लिफ्ट वापरायची नाही, कुत्रं ठेवायचं नाही. आम्ही भाडेकरू आहोत.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. हे पत्र प्रिंट करून सचिवांना शांतपणे द्या. आपल्या बाजूने महापालिकेचा परवाना आणि रेबीजचं सर्टिफिकेट चालू ठेवा, लिफ्टमध्ये आखूड पट्टा, कुणी घाबरत असेल तर पुढच्या फेरीला जा, आणि शी उचला, प्रत्येक वेळी. भाडेकरूंनी करारातच कुत्र्याचा उल्लेख करून घ्यावा.

२२. रेल्वेने गावी नेता येतं का?

फर्स्ट एसीत पूर्ण कूपे किंवा केबिन तुमचंच असेल तर सोबत नेता येतं, पार्सल ऑफिसला वेगळं बुकिंग करून. टू टियर, थ्री टियर, स्लीपरमध्ये नाही. दुसरा पर्याय गार्डच्या डब्यातली पेटी, उन्हाळ्यात शिट्झूला त्यात ठेवू नका. विमानात सामानाच्या कप्प्यात चपट्या तोंडाची कुत्री बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत, कारण श्वास. रात्रीची स्वतःची गाडी आणि दर दोन तासांनी थांबा, हेच मी करते.

२३. दिवाळीत थरथर कापतो.

दहा-पंधरा दिवस आधीच व्हेटला भेटा, भीतीवर सुरक्षित औषधं आहेत, आयत्या वेळी मिळत नाहीत. फटाके सुरू व्हायच्या आधी फिरवून आणा, आतली खोली, पडदे बंद, पंखा आणि टीव्ही चालू, जवळ बसा. जवळ घेतल्याने भीती वाढते हे खरं नाही, घ्या जवळ. त्या दिवसांत हारनेसवर फोन नंबर लिहिलेला बिल्ला असू द्या, घाबरून पळालेली कुत्री याच आठवड्यात हरवतात.

२४. सहा वर्षांचा शिट्झू देतायत, मालक परदेशी चाललेत. एवढा मोठा घ्यावा का? लळा लागेल का त्याला आपला?

घ्या. शी-शू येतं, दात काढायचं वय गेलंय, स्वभाव समोर दिसतो, आणि अजून सहा-सात वर्षं सहज आहेत. आधी एकदा डोळे, दात, किडनीचं रक्त आणि हृदय तपासून घ्या म्हणजे खर्चाचा अंदाज येतो. पहिले दोन-तीन आठवडे तो दाराकडे तोंड करून बसेल, कमी खाईल, त्याला उचलून उचलून घेऊ नका, पाहुणे बोलावू नका, अंघोळ आणि ग्रूमिंगही आठवडाभर राहू द्या. जुन्या मालकांकडून लसींची फाइल, नेहमीचं खाणं दोन आठवडे पुरेल इतकं, आणि त्याची न धुतलेली चादर मागून घ्या. रात्री कुठे झोपायचा, कुठल्या शब्दाला शू करायचा, कशाला घाबरतो हे विचारून लिहून ठेवा. आणि नाव बदलू नका, जे आहे त्याच नावाने हाक मारा.